मेडिकलचे दुकान की नर्सिंग? आधी हिशेब मांडा

बारावीचा निकाल हाती आला की दुकानदार आणि कारागीर बंधूंच्या घरी एकच चर्चा सुरू होते. डॉक्टरकीचा खर्च झेपणारा नाही. पण मुलाला किंवा मुलीला वैद्यकीय क्षेत्रात घालायचे आहे. मग दोन वाटा समोर येतात : एक डी. फार्मसीची, दुसरी नर्सिंगची. व्यापारी घराचा कल साहजिकच पहिल्या वाटेकडे असतो, कारण तिच्या शेवटी दुकान दिसते. पण दोन्हींचा हिशेब मांडल्याशिवाय निर्णय करू नये, असे आम्हाला वाटते.

डी. फार्मसीला बारावी सायन्स लागते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यानंतर 500 तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण आणि मग महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. दुकान काढायचे तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा, किमान 10 चौरस मीटर जागा हवी आणि फ्रिज हवा. गाळा आणि माल यांत भांडवल अडकते ते वेगळेच.

आता नफा पाहू. सरकारने ज्या औषधांच्या किमती बांधून दिल्या आहेत, त्यांवर 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के धरला आहे. म्हणजे जीएसटी सोडून अशा औषधांची 1,16,000 रुपयांची विक्री झाली, तर हाती 16,000 रुपये राहतात. त्यातून भाडे, वीजबिल, नोकराचा पगार आणि उधारी भागवायची. इतर औषधांवर नफा थोडा जास्त सुटतो. पण साखळी दुकाने आणि ऑनलाइन कंपन्या गिऱ्हाइकाला सूट देतात, तेव्हा आपल्यालाही त्यातला काही भाग सोडावा लागतो.

काही पालक वेगळाच बेत करतात : मुलाचे सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानात लावायचे आणि घरबसल्या महिन्याला ठरावीक रक्कम घ्यायची. हा सौदा बेकायदा आहे. 1948 च्या फार्मसी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच दिले पाहिजे. तपासणीत तो गैरहजर आढळला तर परवाना आणि नोंदणी दोन्ही धोक्यात येतात. शिवाय चुकीची गोळी गेली तर रोग्याच्या जिवाशी खेळ होतो.

नर्सिंगचे गणित निराळे आहे. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा डिप्लोमा असून बारावीत इंग्रजी असेल तर आर्ट्स, कॉमर्सवाल्यांनाही तो करता येतो. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, त्याला बायॉलॉजीसह सायन्स लागते. मुलगेही हे शिक्षण घेऊ शकतात. नंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली की भांडवलाशिवाय कामाला लागता येते. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेची जागा मिळू शकते. आखाती देशांत अनुभवी परिचारिकांना मागणी असते. मात्र 2015 पासून सौदी, कुवेतसारख्या देशांत जाणाऱ्या परिचारिकांना केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून मंजुरी घ्यावी लागते. परवाना नसलेल्या एजंटाला पैसे देऊ नयेत.

या वाटेलाही काटे आहेत. छोट्या खासगी इस्पितळात सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, रात्रपाळी चुकत नाही आणि मुलीच्या रात्रपाळीवर घरात कुरकुर होते. तिची ये-जा सुरक्षित कशी होईल हे जरूर पाहावे. पण केवळ लोक काय म्हणतील म्हणून चांगली वाट सोडू नये.

आमचे मत सरळ आहे. बाजारपेठेत स्वतःचा गाळा आहे, काही वर्षे अडकून राहिले तरी चालेल असे भांडवल आहे आणि मुलगा सकाळपासून रात्रीपर्यंत काउंटरवर बसणारा आहे, अशा घराने डी. फार्मसी घ्यावी. घर आठवड्याच्या मजुरीवर चालत असेल, तर यंत्र किंवा दागिने विकून दुकान थाटण्यापेक्षा नर्सिंग बरे.

वाट कोणतीही धरा, फी भरण्यापूर्वी मान्यता तपासा. फार्मसी कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची, तर नर्सिंग संस्थेला नर्सिंग कौन्सिलची मान्यता हवी. सहा महिन्यांत ‘नर्स’ करून देणाऱ्या क्लासच्या कागदावर नोंदणी होत नाही. फीची अडचण असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. आणि शेवटचे : ज्याला हे काम जन्मभर करायचे आहे, त्या मुलाला किंवा मुलीला आधी विचारावे.