समुद्रावरची भाकरी

नाशिक जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरीदेखील जवळच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस वाहते. तरीही या जिल्ह्याचा समुद्राशी संबंध नाही, असे म्हणता येणार नाही. दरवर्षी निफाड-दिंडोरीच्या मळ्यांतील द्राक्षे शीतपेट्यांतून न्हावा शेवा बंदरात जातात आणि तेथून जहाजाने युरोपास पोचतात. वजनाच्या मानाने पाहिले, तर भारताच्या परदेशी व्यापारातील सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गेच येतो व जातो. शेतकऱ्याचे कष्ट आपण जाणतो. परंतु तो माल सातासमुद्रांपार नेणारा खलाशी सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर अशी कित्येक गावे आहेत, की जेथील पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबई बंदरात जाऊन जहाजावर चढत आले. शेती तोकडी आणि पाऊस संपला की हाताला काम नाही. म्हणून त्यांनी समुद्राची वाट धरली. जहाजावरील खलाशांवर तांडेल, तांडेलावर सारंग, सुकाणापाशी सुकाणी, भट्टीपाशी आगवाला आणि स्वयंपाकघरात भंडारी, अशी ती जुनी उतरंड होती. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली. भारतीय जहाजव्यवसायाच्या इतिहासातील या घटनेच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जहाज कधी झोपत नाही. ते रात्रंदिवस चालत असल्यामुळे त्यावरील काम पाळ्यांत विभागलेले असते. चार तास पहारा, आठ तास सुटी आणि पुन्हा चार तास पहारा, हा नेहमीचा क्रम होय. सण असो, वादळ असो, पाळी चुकत नाही. गावी दिवाळीच्या पणत्या लागतात, तेव्हा घरचा कर्ता पुरुष कोठेतरी मध्यसमुद्रात यंत्रांच्या घरघराटात उभा असतो.

त्याच्या अनुपस्थितीचा भार घरातील माणसे वाहतात. पूर्वी खलाशाच्या पगाराचा काही भाग परस्पर घरी पाठविण्याची सोय असे. त्यामुळे चूल पेटत राही. परंतु पैसा येई म्हणून माणूस येत नसे. मुलाचे आजारपण, शेताचा वाद, मुलीचे लग्न या सर्व गोष्टींचा निर्णय घरच्या गृहिणीलाच घ्यावा लागे. पत्र पोचण्यास आठवडे लागत. आईवडिलांच्या मृत्यूची वार्ता मुलाला कळे, तोवर दिवसकार्यही उरकलेले असे. दीड-दोन वर्षांनी बाप घरी आला, तर धाकटे मूल त्याला परका समजून आईच्या पदराआड लपे. मुलाने ओळख धरावी, तोच पुन्हा जाण्याचा दिवस उजाडे.

काही जण तर परतलेच नाहीत. पहिल्या महायुद्धात समुद्रात प्राण गमावलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय नाविकांची नावे मुंबईच्या मस्जिद बंदर भागातील खलाशीगृहाच्या स्मारकात नोंदलेली आहेत. ज्यांना समुद्रावाचून दुसरी समाधी लाभली नाही, त्यांच्या स्मृतीसाठी एवढीच जागा उरली आहे.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. उपग्रहामुळे भर समुद्रातूनही घरच्यांशी बोलता येते. २००६ साली झालेला सागरी श्रम करार २०१३ पासून अमलात आला व भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. जहाजावर बारा महिने पूर्ण होण्यापूर्वी घरी परतण्याचा हक्क या कराराने खलाशाला मिळवून दिला. तथापि २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे बंदरे बंद झाली, तेव्हा जगभरातील सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवरच अडकून पडले. जगाला धान्य, इंधन व औषधे पोचत राहिली. ती पोचविणाऱ्यांना मात्र घर गाठता येईना. हक्क कागदावर असला, तरी त्याची काळजी वाहणारे समाजात असावे लागतात, हे त्या वर्षाने दाखवून दिले. शिवाय पडद्यावर बापाचा चेहरा दिसला, तरी तापलेल्या कपाळावर त्याचा हात पडत नाही.

खलाशाच्या मिळकतीतून घरे उभी राहतात, मुले शिकतात, हे खरेच आहे. पण त्या मिळकतीचे मोल तो एकटा देत नाही; त्याची पत्नी, मुले आणि वृद्ध आईवडीलही ते देत असतात. द्राक्षांची पेटी परदेशी सुखरूप पोचते, तेव्हा तिच्यामागे मळ्यातील घामाबरोबरच किनाऱ्यावरील एखाद्या घराची दीर्घ प्रतीक्षाही असते.