घरगुती त्रिमितीय स्कॅनर काय टिपतो

घरगुती त्रिमितीय स्कॅनर वस्तूच्या आरपार पाहतो, हा समज चुकीचा आहे. तो फक्त पृष्ठभाग मोजतो. खिडकीच्या गजाची सरळ सावली माठावर पडली की वाकते, आणि त्या वाकण्यातूनच माठाचा आकार कळतो. घरगुती स्कॅनरमध्ये गजाच्या सावलीऐवजी लेसरची रेघ, डोळ्याऐवजी वेबकॅम आणि वस्तूखाली फिरता पाट असतो. प्रत्येक बिंदूचे स्थान संगणक त्रिकोणमापनाने (दोन कोन व त्यांमधली बाजू यांवरून अंतर काढून) ठरवतो. उदाहरणार्थ, नंदुरबार जिल्ह्यातील खांडबाऱ्याच्या परिसरात कोकणा आदिवासी वादक भोपळ्याची पावरी (फुंकून वाजवायचे वाद्य) वाजवतात. ती स्कॅन केल्यास भोपळ्याची बाहेरची गोलाई नेमकी मिळते. आतली पोकळी मात्र मिळत नाही. स्कॅन करताना लेसरकडे थेट पाहू नये.