बसच्या फलाटावरून रजतपटावर

चित्रपटातील विनोदी नटाकडे पाहण्याची एक ठरलेली दृष्टी असते. नायक-नायिकेचे दुःख असह्य होऊ लागले म्हणजे त्याने यावे, घटकाभर हशा पिकवावा आणि निमूटपणे बाजूला व्हावे, एवढेच त्याचे काम समजले जाते. हिंदी बोलपटात या उपऱ्या पाहुण्याला घरचा माणूस केले ते जॉनी वॉकर यांनी. त्यांचा हा अधिकार कोठून आला हे जाणावयाचे असेल, तर रजतपटापूर्वीचा त्यांचा रंगमंच पाहिला पाहिजे.

त्यांचे खरे नाव बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी. जन्म इंदूरचा. वडील गिरणीत कामाला होते. गिरणीची नोकरी गेल्यावर हे मोठे कुटुंब मुंबईस आले आणि पोटापाण्याचा भार बद्रुद्दीन यांच्यावर पडला. भाजी, फळे, बर्फाच्या कांड्या असा किरकोळ माल विकून त्यांनी दिवस काढले. पुढे बेस्टच्या बसवर ते कंडक्टर झाले. तिकिटे फाडता फाडता चित्रविचित्र आवाज काढून, थांब्यांची नावे निरनिराळ्या ढंगाने पुकारून ते उतारूंना हसवीत. रस्त्यावरच्या या प्रेक्षकाने काही हसण्यासाठी पैसे मोजलेले नसतात. त्याला घाई असते, कामाचा शीण असतो. अशा माणसाला हसविणे ही विनोदाची फार कठोर परीक्षा होय.

त्यांचा हा गुण बलराज साहनी यांच्या नजरेत भरला. साहनी त्या वेळी ‘बाजी’ या चित्रपटाचे लेखन करीत होते. त्यांच्या सूचनेवरून हा कंडक्टर दारुड्याचे सोंग घेऊन गुरुदत्त यांच्यापुढे गेला आणि त्याने असा काही गोंधळ घातला की, सर्वांना तो खराच तर्र झालेला वाटला, अशी हकीकत सांगितली जाते. 1951 च्या ‘बाजी’त त्यांना भूमिका मिळाली. एका प्रसिद्ध विलायती मद्याचे नावही त्यांना लाभले. मौज अशी की, जन्मभर मद्यप्याची सोंगे वठविणाऱ्या या नटाने मद्याला कधी स्पर्श केला नाही. झिंगलेल्या माणसाचा तोल आणि त्याची अडखळती जीभ त्यांनी मिळविली ती केवळ निरीक्षणाने.

पुढे ‘आरपार’ (1954), ‘मिस्टर अँड मिसेस 55’ (1955), ‘सी.आय.डी.’ (1956) आणि ‘प्यासा’ (1957) या चित्रपटांनी त्यांची कीर्ती देशभर पोचविली. महंमद रफी यांचा आवाज त्यांच्या लकबींशी असा एकरूप होई की, जणू नटच गात आहे असे वाटावे. ‘प्यासा’तील अब्दुल सत्तार हा तेल-मालिश करणारा. त्याच्या गाण्यात फेरीवाल्याची ललकारी आहे. परंतु केवळ करमणूक करून तो निघून जात नाही. सगेसोयरे कवीला वेड्यांच्या इस्पितळात सोडून मोकळे होतात, तेव्हा तेथून त्याची सुटका करणारा हाच मालिशवाला असतो. प्रेक्षक सत्तारला हसत नाहीत, त्याच्याबरोबर हसतात. रस्त्यावरचा माणूस हे चेष्टेचे पात्र नसून त्यालाही शहाणपण आणि मैत्री असते, ही जाण भाजी विकलेल्या नटाला वेगळी शिकवावी लागली नसेल.

‘मधुमती’ (1958) मधील चरणदासाबद्दल त्यांना फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. गुरुदत्त 1964 मध्ये निवर्तले. हळूहळू चित्रपटांतील विनोदाचा सूरही पालटला. द्वयर्थी संवादांना टाळ्या मिळू लागल्या, तसे जॉनी वॉकर यांनी काम कमी केले. आपल्या सुमारे तीनशे चित्रपटांतील एकाही वाक्याला सेन्सॉरची कात्री लागली नाही, असे ते अभिमानाने सांगत. घरच्या मंडळींसह पाहता येईल तोच विनोद, ही त्यांची कसोटी होती.

‘आनंद’ (1971) मधील त्यांचा ईसाभाई पाहिला म्हणजे या संयमाचे मोल कळते. सदा हसतमुख असणारा हा नाटकवाला मित्राच्या मरणाच्या छायेत डोळे पुसतो, तेव्हा प्रेक्षकालाही अश्रू आवरत नाहीत. दीर्घ विश्रांतीनंतर 1997 मध्ये ‘चाची 420’ या चित्रपटात ते पुन्हा दिसले, तेही एका मद्यपी रंगभूषाकाराच्या रूपाने. 29 जुलै 2003 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

हास्य उत्पन्न करण्यासाठी कोणाला तरी हीन लेखावेच लागते, असा एक समज आहे. ज्या शहराने प्रथम त्यांच्या हाती तिकिटे दिली, त्याच शहरातील सामान्य माणसाची प्रतिष्ठा राखून जॉनी वॉकर यांनी तो समज खोटा ठरविला.