लवकर पिकणारा चेरी टोमॅटो : परसबागेंत व हरितगृहांत

टोमॅटोच्या पिकांत आठपंधरा दिवसांचा फरक म्हणजे पुष्कळदां नफ्यातोट्याचाच फरक होय. सन २०२३ च्या जुलै महिन्यांत देशांतील अनेक शहरीं टोमॅटो किलोस १०० रुपयांच्या वर विकला गेला; त्याच वर्षीं सप्टेंबरांत नाशिकच्या बाजूस घाऊक भाव इतका खालीं आला कीं, कित्येकांचा तोडणीवाहतुकीचा खर्चही निघेना. अशा अनुभवानंतर लवकर पिकणाऱ्या जातींकडे शेतकऱ्याचें लक्ष वळावें हें साहजिक आहे, आणि त्यांत चेरी टोमॅटोचें नांव प्रथम निघतें. परंतु हा लवकरपणा बियांत किती व बागाइतदाराच्या हातांत किती, आणि त्यासाठीं हरितगृह उभारावें कीं नाहीं, याचा विचार पैसा गुंतविण्यापूर्वीं झालेला बरा.

उदाहरणादाखल ‘सनगोल्ड’ ही जात घेऊं. जपानांतील टोकिता या बीजसंस्थेची ही संकरित जात १९९२ सालीं बाजारांत आली व इंग्लंडअमेरिकेंतील परसबागांत लवकरच लोकप्रिय झाली. फळ नारिंगी रंगाचें, १५ ते २० ग्रॅम वजनाचें व अतिशय गोड असतें. झाड वेलाप्रमाणें सतत वाढत जातें. बियाणें विकणारे हिची मुदत सुमारें ५७ दिवसांची सांगतात. येथें पहिली सावधगिरी अशी कीं, हे दिवस रोप लावल्यापासून मोजलेले असतात, बीं टाकल्यापासून नव्हेत. आपल्याकडे रोप तयार होण्यास २५ ते ३० दिवस लागतात. ते मिळविल्यास बियांपासून पहिल्या तोड्यापर्यंत जवळजवळ तीन महिने होतात. दोन जातींची तुलना करतांना दोहोंचे दिवस एकाच ठिकाणापासून मोजले आहेत ना, हें पाहून घ्यावें.

चेरी टोमॅटो लवकर पिकण्याचें कारण साधें आहे. फळ लहान असल्यामुळें त्यास पोसण्यास काळ थोडा लागतो. फूल धरल्यापासून असें फळ सुमारें ४० दिवसांत रंगावर येतें, तर मोठ्या फळास ५० ते ६० दिवस लागतात. हा फायदा बियाणें देतें. मात्र पहिलें फूल आलें तरी तें धरलें पाहिजे, आणि तें धरणें हें हवेवर व निगेवर अवलंबून आहे.

थंड देशांत हरितगृहाचें काम ऊब देण्याचें आहे. इंग्लंडांत माळी फेब्रुवारीमार्चमध्यें कांचेखालीं बीं टाकतो व हिमाचें भय सरल्यावर, मे महिन्याच्या अखेरीच्या सुमारास, रोपें उघड्यावर नेतो. तेथें उन्हाळाच अपुरा. म्हणून कांच व लवकर पिकणारी जात या दोहोंच्या बळावर तो ऋतु लांबवितो. आपल्या दख्खनच्या पठारावर स्थिति उलट आहे. येथें उबेची वाण नसून तिचा अतिरेकच बाधतो. दिवसाचें उष्णमान ३५ अंशांच्या वर गेलें, किंवा रात्रीही हवा गरम राहिली, म्हणजे पराग निकामी होतो आणि फुलें गळून पडतात. ३० अंशांच्या वर तांबड्या जातींचा रंगही नीट भरत नाहीं. तेव्हां परदेशीं पुस्तकांतील हरितगृह जसेंच्या तसें येथें आणणें म्हणजे टोमॅटोस भट्टींत घालण्यासारखें होईल.

मग आपल्याकडे छपराचा उपयोग काय? तीन गोष्टींसाठीं तें उपयोगी पडतें. पहिली, पावसापासून बचाव. पानें ओलीं न राहिल्यानें करपा कमी येतो. दुसरी, कीटकांपासून बचाव. पानें आकसविणारा विषाणु पांढऱ्या माशीमुळें पसरतो, व बारीक जाळीनें ती पुष्कळ अंशीं अडते. तिसरी, कडक उन्हाची धार कमी होते. हें साधावयाचें तर छप्पर उंच असावें, माथ्यावर गरम हवा निघून जाण्यास वाट असावी, आणि बाजू जाळीच्या असाव्यात. जाळी जितकी बारीक तितका वारा कमी, हेंही ध्यानांत ठेवावें. ज्यास कर्ज काढून पॉलिहाऊस उभारणें झेपत नाहीं, त्यानें प्रथम एकदोन गुंठ्यांवर शेडनेट करून अनुभव घ्यावा. हिवाळी पिकास तेंही पुष्कळदां पुरतें.

उघड्यावरील पिकासाठीं ऑगस्टसप्टेंबरांत बीं टाकणें श्रेयस्कर. त्यायोगें फुलें ऑक्टोबरनोव्हेंबरच्या थंड रात्रींत येतात व चांगलीं धरतात. रोपें जाळीखालींच वाढवावीं. कोवळ्या वयांत विषाणु लागलेलें झाड पुढें कधींच सुधारत नाहीं. संकरित जातीचें बीं महाग असतें, व तिच्या फळांतील बीं धरल्यास पुढील पिढींत तोच गुण उतरत नाहीं. यावर एक सोपा उपाय आहे. पानाच्या बगलेंतून निघणारी फूट वीतभर झाल्यावर काढून ओलसर कोकोपीटमध्यें सावलींत खोंचली असतां आठपंधरा दिवसांत मुळें धरते, आणि असें रोप बियांच्या रोपापेक्षां लवकर फुलावर येतें. फूट मात्र पूर्ण निरोगी झाडाचीच घ्यावी, नाहीं तर रोगच वाढविल्यासारखें होईल. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेनें संरक्षित शेतीसाठीं काढलेली ‘पुसा चेरी टोमॅटो-१’ ही जातही लावून पाहण्याजोगी आहे.

लागवड गादीवाफ्यावर दीड ते दोन फूट अंतरानें करावी. झाड वरच्या तारेस सुतळीनें टांगून एक किंवा दोनच खोडें ठेवावीं व बगलफूट दर आठवड्यास काढावी. ती वाढूं दिल्यास झाड पानांतच रमतें व लवकरपणा वायां जातो. पिकलेल्या घोसाखालचीं पानें काढल्यानें हवा खेळते. बंद छपराखालीं वारा नसल्यानें पराग नीट झडत नाहीं. युरोपांत यासाठीं १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून भुंग्यांच्या जातीच्या पाळीव माशा हरितगृहांत सोडतात. आपल्याकडे सकाळीं दहाअकराच्या सुमारास तारा काठीनें हलकेच हालवाव्यात. एवढ्या अल्प श्रमानें फळधारणेंत स्पष्ट फरक पडतो.

किडींपैकीं टुटा या पोखरणाऱ्या अळीवर विशेष नजर ठेवावी. ही कीड भारतांत प्रथम २०१४ सालीं महाराष्ट्रांत आढळली. ती पान, शेंडा व फळ तिन्ही पोखरते. कामगंध सापळे लावून पतंगांची संख्या पाहत राहावी व पोखरलेलीं पानें गोळा करून नष्ट करावीं. हरितगृहाची जागा बदलतां येत नसल्यामुळें एकाच जमिनींत फिरून फिरून टोमॅटो घेतल्यास सूत्रकृमी वाढतात. म्हणून मध्यें झेंडूसारखें पीक घ्यावें.

आतां सर्वांत महत्त्वाचा दोष. सनगोल्डची साल पातळ आहे व फळ तडकण्याची तिची खोड प्रसिद्ध आहे. लांबच्या बाजारास ती मानवत नाहीं तें याचमुळें. जमीन वाळूं देऊन मग एकदम भरपूर पाणी दिलें, किंवा कोरड्या दिवसांनंतर मोठी सर आली, कीं आंतील रस वाढतो व साल फाटते. ठिबकनें रोज थोडें पाणी देणें व फळ रंगावर येतांच सकाळच्या थंड वेळीं, देंठासह, तोडणें हाच यावर उपाय. पावसाचीं चिन्हें दिसल्यास तोडा एक दिवस अगोदर करावा.

यांतूनच मजुरीचा प्रश्न निघतो. १५ ग्रॅमच्या फळाचें २० किलोंचें एक क्रेट भरण्यास सुमारें १,३०० फळें तोडावीं लागतात. ८० ग्रॅमच्या साध्या टोमॅटोचीं २५० च पुरतात. म्हणजे क्रेटामागें हात पांचपट चालला पाहिजे. साध्या टोमॅटोच्या भावानें हा माल विकावा लागला तर लवकर पिकूनही तो तोट्यांतच जाईल. याचें गिऱ्हाईक शहरांतील उपाहारगृहें व मोठीं दुकानें यांत आहे, गांवच्या आठवडी बाजारांत क्वचितच. म्हणून गिऱ्हाईक आधीं ठरवावें, तें आठवड्यास किती किलो घेईल हें विचारावें, आणि तेवढ्याच मापानें झाडें लावावीं.

सारांश, लवकरपणाचा अर्धा भाग बियाण्याच्या पुडींत मिळतो. उरलेला हंगाम साधणें, फूट काढणें, पाणी नियमित देणें व वेळेवर तोडणें यांत आहे. ज्यास हें पीक नवें आहे, त्यानें पहिल्या वर्षीं विहिरीजवळ जाळीखालीं पन्नासच झाडें लावावीं. आणि बीं टाकल्याची, रोप लावल्याची, पहिल्या फुलाची व पहिल्या तोड्याची तारीख, तसेंच तोडणीची मजुरी व हातीं आलेला भाव वहींत टिपून ठेवावा. अशी एका हंगामाची वही हरितगृहासाठीं कर्ज काढावें कीं नाहीं याचें उत्तर कोणत्याही विक्रेत्यापेक्षां अधिक खरेपणानें देईल. ज्या सभासदांनीं हें पीक घेतलें असेल त्यांनीं आपल्या तारखा व जमाखर्च या मासिकाकडे कळविल्यास इतर शेतकरी बंधूंस त्याचा मोठा उपयोग होईल.