घरपट्टीवर ठरणारी शाळा

अमेरिकेत सरकारी शाळेचा बराचसा खर्च त्या भागातल्या घरपट्टीतून निघतो. जिथली घरं महाग, तिथल्या शाळेकडे पैसा. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत एजवुड हा मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांचा भाग, तर अलामो हाइट्स सधन गोऱ्यांचा. १९६७-६८ साली एजवुडचे लोक चढ्या दराने कर भरत होते. तरी राज्याची आणि केंद्राची मदत धरून तिथे एका मुलामागे ३५६ डॉलर पडत. अलामो हाइट्समध्ये ५९४. स्वतःच्या घरपट्टीतून एजवुडला मुलामागे मिळायचे अवघे २६!

पत्र्याचं काम करणारे डिमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि इतर पालक कोर्टात गेले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांना नकार दिला. शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं बहुमताचं म्हणणं. माझ्या मते हा मुलांवरचा उघड अन्याय होता. तो निकाल आजही कायम आहे.