मातीच्या मार्गावरील शर्यतगाड्यांचे पुढील निलंबन : स्प्रिंग आणि धक्काशोषक यांची कार्यविभागणी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मातीच्या लंबवर्तुळाकार मार्गांवरील मोटारशर्यतींची परंपरा जुनी आहे. ओहायओ राज्यातील रॉसबर्गजवळ १९५४ मध्ये सुरू झालेला एल्डोरा मार्ग आणि आयोवा राज्यातील नॉक्सव्हिल येथील मार्ग हे या प्रकारातील विख्यात मार्ग होत. दोहोंची लांबी सुमारे अर्धा मैल आहे. गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने धावतात. त्यामुळे प्रत्येक वळण डावीकडचेच असते. मार्गाची चिकणमाती पाणी मारून व दाबून तयार केली जाते. सायंकाळी ती ओलसर व चिकट असते. रात्री अंतिम शर्यतीच्या वेळेपर्यंत ती पुष्कळदा कोरडी व गुळगुळीत झालेली असते. म्हणजे गाडी तीच, चालक तोच, परंतु काही तासांच्या अवधीत जमीन मात्र निराळी होते.

या बदलाला तोंड देण्यासाठी गाडीची जुळणी दोन फेऱ्यांमधील अल्प वेळात बदलावी लागते, आणि या घाईत एक मूलभूत गोंधळ वारंवार होतो. स्प्रिंगचा दोष धक्काशोषक बदलून, किंवा धक्काशोषकाचा दोष स्प्रिंग बदलून दूर करण्याचा प्रयत्न केला जातो. ही दोन साधने शेजारी शेजारी, कित्येकदा एकाच दांड्याभोवती बसवलेली असली तरी त्यांची कार्ये भिन्न आहेत. कोणत्या चाकावर किती भार येईल हे ठरविण्यात स्प्रिंगचा वाटा असतो. तो भार केव्हा व किती त्वरेने येईल हे धक्काशोषक ठरवितो. प्रस्तुत लेखात पुढील चाकांच्या संदर्भात हा भेद स्पष्ट करण्याचा हेतू आहे.

चाकाला जाणवणारा ताठरपणा

रॉबर्ट हुक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्प्रिंगचे आकुंचन तिच्यावरील बलाच्या प्रमाणात असते. अमेरिकेतील कर्मशाळांत हा ताठरपणा पौंड प्रति इंच या एककात सांगतात. १ पौंड प्रति इंच म्हणजे सुमारे ०.१७५ न्यूटन प्रति मिलिमीटर. परंतु स्प्रिंगवर छापलेला आकडा आणि चाकाला जाणवणारा ताठरपणा या दोन गोष्टी एक नव्हेत. स्प्रिंग चाकावर बसत नाही. ती चाकाला धरून ठेवणाऱ्या भुजेवर, सांगाड्याच्या बाजूस थोडी आत बसते. भुजा ही येथे तरफेचे काम करते.

समजा, खालच्या भुजेची लांबी आतल्या सांध्यापासून बाहेरच्या गोलसांध्यापर्यंत १६ इंच आहे आणि स्प्रिंग आतल्या सांध्यापासून ८ इंचांवर टेकली आहे. चाक १ इंच वर गेले की स्प्रिंग अर्धाच इंच दबते; आणि स्प्रिंगमध्ये उत्पन्न झालेले बल चाकापाशी पोहोचेपर्यंत पुन्हा निम्मे होते. घट दोनदा होत असल्यामुळे गुणोत्तराचा वर्ग घ्यावा लागतो. म्हणून ८०० पौंड प्रति इंच ताठरपणाची स्प्रिंग चाकापाशी केवळ २०० पौंड प्रति इंच ताठरपणाची ठरते. तीच स्प्रिंग १ इंच बाहेर, म्हणजे ९ इंचांवर सरकवली, तर हा ‘चाक-दर’ सुमारे २५३ होतो. स्प्रिंग न बदलता ताठरपणा एक चतुर्थांशाहून अधिक वाढला!

स्प्रिंग तिरपी असेल तर आणखी घट होते. भुजेच्या काटकोनापासून ती ३० अंश कललेली असता चाक-दर तीन चतुर्थांश उरतो. शिवाय चाक वरखाली होताना हा कोनही बदलतो. सारांश, दोन गाड्यांतील स्प्रिंगांच्या आकड्यांची तुलना करून काहीच सिद्ध होत नाही. तुलना चाक-दरांचीच करावी लागते.

चार काट्यांवरील वजन

जुळणीचा आरंभ गाडी उभी असताना होतो. प्रत्येक चाकाखाली एक वजनकाटा ठेवतात. उदाहरणादाखल चालकासह २४०० पौंड वजनाची गाडी घेऊ. पुढील दोन्ही चाकांवर प्रत्येकी ५४०, मागील डाव्यावर ७२० व मागील उजव्यावर ६०० पौंड असे वजन आहे. उजवे पुढील व डावे मागील या कर्णावरील चाकांवर मिळून १२६० पौंड, म्हणजे एकूण वजनाच्या ५२.५ टक्के भार पडतो.

आता उजव्या पुढील स्प्रिंगचा समायोजक फिरवून तो कोपरा किंचित उचलला आणि त्या चाकावरील भार ५६० झाला असे मानू. चार पायांच्या डगमगत्या टेबलाप्रमाणे समोरच्या कर्णावरील मागचे डावे चाकही अधिक भार घेते. ते ७४० वर जाते, आणि उरलेली दोन चाके प्रत्येकी २० पौंडांनी हलकी होतात. कर्णभार १३०० पौंड, म्हणजे सुमारे ५४.२ टक्के झाला. परंतु डाव्या बाजूचे एकूण वजन १२६० च राहिले आणि पुढील बाजूचे १०८० च. ती वजने बदलावयाची असतील तर गाडीतील जड वस्तूंचे स्थानच बदलले पाहिजे. स्प्रिंगचा समायोजक फिरवून ते साधत नाही.

वळणावरील भार

गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांकडे सरकतो. मऊ स्प्रिंग घातली की ‘अधिक वजन सरकते’ अशी समजूत सर्वत्र आढळते; ती बरोबर नाही. सरकणारा एकूण भार गाडीचे वजन, पार्श्विक त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधील रुंदी या चार गोष्टींवरच अवलंबून असतो. वरील गाडीचा गुरुत्वमध्य १८ इंच उंचीवर, चाकांमधील अंतर ६४ इंच आणि पार्श्विक त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट मानल्यास हा भार ५४० पौंड येतो. स्प्रिंग मऊ असो वा ताठर, यात नगण्य फरक पडतो. मऊ स्प्रिंगने गाडी अधिक कलते एवढेच. आणि कलणे डोळ्यांना दिसते, भार दिसत नाही, यातच या समजुतीचे मूळ आहे.

मग स्प्रिंग काय करते? हे ५४० पौंड पुढील व मागील जोडीत कसे वाटले जातील हे ठरविण्यात तिचा मोठा हात असतो. भुजांच्या भूमितीचा, म्हणजे कलकेंद्राच्या उंचीचाही त्यात वाटा आहे. परंतु भूमिती तीच ठेवली तर ज्या जोडीचा कलण्याला होणारा विरोध अधिक, ती जोडी या भाराचा अधिक हिस्सा उचलते. पुढील हिस्सा निम्मा असेल तर पुढील डाव्या चाकावर २७० व उजव्यावर ८१० पौंड उरतात. हिस्सा ६० टक्के झाल्यास २१६ व ८६४. आता टायरचा एक गुणधर्म ध्यानात घेतला पाहिजे. भार वाढला की पकड वाढते, पण त्याच प्रमाणात नव्हे. म्हणून एका जोडीतील दोन चाकांवरचे भार जितके विषम, तितकी त्या जोडीची एकत्रित पकड कमी. पुढील निलंबन ताठर केले की पुढच्या चाकांची पकड घटते, गाडी सुकाणूला दाद देईनाशी होते आणि नाक बाहेरच्या भिंतीकडे सरकू लागते. पुढील निलंबन मऊ केल्यास उलट परिणाम होऊन मागचा भाग बाहेर फेकला जाण्याची प्रवृत्ती वाढते. ओल्या मातीत टायरचे दात मातीत रुतत असल्याने हा नियम काहीसा शिथिल होतो. कोरड्या, गुळगुळीत मातीवर तो प्रकर्षाने जाणवतो.

दोन्ही पुढील स्प्रिंगा समान असल्याच पाहिजेत असे नाही. उजवी अधिक ताठर असेल तर ब्रेक लावताना, नाक खाली जाताना, ती डावीपेक्षा अधिक भार घेते. कर्णभार वाढतो आणि वळणात शिरताना गाडी वळण्यास नाखूश होते. वळणातून बाहेर पडताना वेग वाढवला की नाक वर येते. तेव्हा तीच ताठर स्प्रिंग अधिक भार सोडते, कर्णभार घटतो आणि मागचा भाग सैल होतो. म्हणजे एकच फरक वळणाच्या दोन टोकांना परस्परविरुद्ध परिणाम घडवितो. ‘गाडी वळत नाही’ एवढी चालकाची तक्रार म्हणूनच अपुरी ठरते. वळणाच्या कोणत्या भागात वळत नाही, हे विचारणे अगत्याचे असते.

या शर्यतींच्या छायाचित्रांत पुढील डावे चाक हवेत उचललेले पुष्कळदा दिसते. त्या क्षणी पुढील संपूर्ण भार एकट्या उजव्या चाकावर असतो आणि पुढची जोडी याहून अधिक भारांतर करूच शकत नाही. वाढीव भारांतर सर्वस्वी मागील जोडीत होते. वरील उदाहरणात उजव्या चाकावर ५४० पौंड वाढतात, आणि चाक-दर २०० असता ते चाक सांगाड्याच्या मानाने २.७ इंच वर जाते. तेवढी मोकळी जागा नसेल, किंवा स्प्रिंगची वेटोळी एकमेकींना टेकली, तर निलंबन संपले व तेथे जणू लोखंडी खुंटा आला असे समजावे. पुढचे चाक पकड सोडते ते अशा वेळी, भर वेगात आणि पूर्वसूचनेवाचून. ही चूक केवळ काही सेकंद गमावण्याची नव्हे, तर चालकाच्या सुरक्षिततेची आहे.

धक्काशोषकाचे कार्य

धक्काशोषकातील दट्ट्या तेलातून सरकतो आणि लहान झडपांतून तेल ढकलले जाताना रोध उत्पन्न होतो. हा रोध दट्ट्याच्या वेगावर अवलंबून असतो, स्थानावर नव्हे. गाडी वळणाच्या मध्यभागी स्थिर कललेली असेल तर, वायुभरित प्रकारातील अल्पसा स्थिर दाब वगळता, धक्काशोषक भारात काहीच भर घालीत नाही. वळणाच्या मध्यात सातत्याने जाणवणारा दोष त्यामुळे धक्काशोषकाचा सहसा नसतो.

रोध किती असावा याचा अंदाज गणिताने बांधता येतो. उजव्या पुढील कोपऱ्यावर स्प्रिंगने तोललेले वस्तुमान २०० किलोग्रॅम आणि चाक-दर ३५ न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजे सुमारे २०० पौंड प्रति इंच, धरल्यास नैसर्गिक कंप्रता सेकंदाला सुमारे २.१ येते आणि क्रांतिक अवमंदन सुमारे ५३०० न्यूटन-सेकंद प्रति मीटर. याच्या निम्मे अवमंदन ठेवले तर चाक सेकंदाला १०० मिलिमीटर वेगाने वर जात असता सुमारे २६५ न्यूटन, म्हणजे ६० पौंडांच्या आसपास, रोध होईल. येथेही तरफेचा वर्ग लागू होतो. क्रांतिक अवमंदन ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणून चाक-दर चौपट केला तर रोध दुप्पटच लागतो. स्प्रिंग थोडी बदलली म्हणजे धक्काशोषक बदललाच पाहिजे असे नाही, हे यावरून दिसते.

आखडताना आणि लांबताना होणारा रोध निरनिराळा ठेवता येतो. पुढील डाव्या धक्काशोषकाचा लांबतानाचा रोध मुद्दाम मोठा ठेवण्याची पद्धत रूढ आहे. वळणातून वेगाने निघताना तो त्या कोपऱ्याला वर येऊ देत नाही. परिणामी त्या चाकावरील भार त्वरेने घटतो, कर्णभार क्षणभर वाढतो आणि मागच्या डाव्या चाकाची ओढ सुधारते. परंतु हाच रोध खडबडीत मार्गावर अपायकारक ठरतो. एका खड्ड्यानंतर चाक पूर्ण खाली येण्यापूर्वीच दुसरा खड्डा येतो, कोपरा उत्तरोत्तर खाली बसत जातो आणि चाक जमिनीपासून सुटू लागते.

जुळणीचा क्रम

वरील विवेचनावरून कामाचा क्रम आपोआप निष्पन्न होतो. प्रथम वस्तूंची स्थाने ठरवून डावीकडचे व मागचे वजन निश्चित करावे. नंतर भुजांची भूमिती मोजून चाक-दर काढावे व स्प्रिंगा निवडाव्यात. उजव्या पुढील चाकाला पुरेशी मोकळी जागा आहे याची खात्री करावी. मग काट्यांवर कर्णभार साधावा. आणि सर्वांत शेवटी धक्काशोषकांकडे वळावे. दोष वळणाच्या मध्यात टिकून राहत असेल तर भारवाटप व स्प्रिंगा तपासाव्यात. तो केवळ शिरताना वा निघताना क्षणभर उद्भवत असेल तर धक्काशोषक तपासावा, मात्र दोन पुढील स्प्रिंगांतील फरक विसरू नये. एका वेळी एकच बदल करावा व त्याची नोंद ठेवावी. माती दर रात्री बदलते. पण तरफेचा नियम, भारांतराचे समीकरण आणि तेलाचा रोध बदलत नाहीत. या न बदलणाऱ्या गोष्टी ज्याला अवगत आहेत, त्यालाच बदलत्या मातीशी अल्पावधीत जुळवून घेता येते.