शिडाच्या होडीचा गाडा

वाऱ्याच्या बळानें पाण्यावर पक्ष्याप्रमाणें धांवणारी होडी जमिनीवर आणली, म्हणजे ती एक जड आणि नाजूक ओझें होऊन बसते. तिला गांवोगांवच्या शर्यतींस नेण्यासाठीं मोटारीच्या मागें जो गाडा जोडतात त्यास ट्रेलर म्हणतात. उथळ तळाच्या बोटीचा ट्रेलर खोल तळाच्या होडीस चालत नाहीं. तो तिच्या मापानें करवून घ्यावा लागतो.

उदाहरणार्थ, अमेरिकेंतील रॉड जॉन्स्टन यांनीं आंखलेली व १९७७ पासून प्रचारांत आलेली 'जे-२४' ही होडी घेऊं. तिची लांबी ७.३२ मीटर, रुंदी २.७१ मीटर व वजन सुमारें १४०० किलो असतें. तळाशीं कील नांवाचा शिशाचा जड पाता असून तो पाण्यांत १.२२ मीटर खोल जातो. कारागिरास हीं मापें तर द्यावींच, शिवाय शिडें, नांगर व डोलकाठी यांचें वजनही सांगावें. अमेरिकेच्या प्रमुख महामार्गांवर वाहनाच्या रुंदीची सर्वसाधारण मर्यादा २.५९ मीटर आहे. तेव्हां अशा होडीस विशेष परवान्याची चौकशी आधींच करावी.

होडीचा सर्व भार कीलखालच्या भक्कम तुळईनें वाहावा. बाजूच्या गाद्यांनीं होडीस केवळ कलूं न देण्याचें काम करावें. भार त्यांजवर पडला तर होडीचें पातळ अंग आंत दबतें. म्हणून त्या गाद्या होडीच्या आंतील आडव्या भिंतींच्या समोर बसवाव्यात.

याहूनही महत्त्वाचा आहे तो समतोल. बैलगाडींत पुढें फार ओझें भरलें तर बैलांच्या मानेवर जूं दाबतें, आणि मागें भरलें तर गाडी उलाळ होते, हें आपण जाणतोंच. ट्रेलरचा न्यायही तोच. एकूण भाराचा सुमारें दहावा भाग मोटारीच्या आंकड्यावर यावा. होडी व गाडा मिळून १९०० किलो भरल्यास तो १९० किलो होईल. मागें भार अधिक झाला तर वेगांत ट्रेलर डावीउजवीकडे झोके घेऊं लागतो आणि मोटारीसही आपल्याबरोबर फरफटत नेतो.

यास्तव चाकांचा आंस अदमासानें बसवूं नये. यारीच्या एकाच आंकड्यास होडी समतल टांगली असतां तिचा गुरुत्वमध्य त्या आंकड्याच्या थेट खालीं असतो. तेथें खडूनें खूण करावी व आंस तिच्या किंचित् मागें येईल अशी रचना करावी. खाऱ्या पाण्याशीं संबंध येणार असल्यास लोखंडास जस्ताचा मुलामा द्यावा.

ट्रेलर ताब्यांत घेण्यापूर्वीं त्यावर होडी चढवून पुढील टोकाखालीं वजनकाटा अवश्य ठेवावा. घटकाभराची ही परीक्षा टाळली, तर तिची किंमत समोरून येणाऱ्या एखाद्या अनोळखी वाटसरूस द्यावी लागेल.